जाड देवनागरी आणि उपनगरांतल्या पाट्या

‘घाटकोपर’ हे नाव जाडजूड ठशात लिहून पाहावं. घ आणि ध यांच्यातला मुख्य फरक म्हणजे ध-च्या माथ्यावरची फट आणि तिथली गाठ. ठसा जाड होत गेला की ती फट बुजते आणि लांबून वाचणारा अडखळतो. भ आणि म यांचंही तेच. दणकट, भविष्यवेधी वळणाची अक्षरं देवनागरीत सहज का रुजत नाहीत, याचं बरंचसं उत्तर या फटीत आहे.

रोमनला हा रस्ता सोपा गेला. आल्दो नोवारेझे यांनी १९६२ साली यूरोस्टाइल आणला. त्यात ‘ओ’ हा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन झाला आणि यंत्रयुगाला, अवकाशपटांना स्वतःचं अक्षर मिळालं. अंधेरीतल्या जिमच्या किंवा मोबाइलच्या दुकानावर रोमन नाव आजही त्याच वळणाचं दिसतं. शेजारचं मराठी नाव मात्र हाताशी असलेल्या फॉण्टला कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन देऊन फुगवलेलं. आउटलाइन आतल्या बाजूलाही वाढते. ष, थ, क्ष यांची पोटं काळी होतात.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हा नियम मला मनापासून पटतो. पण ‘मुलुंड’ पाहा: वर अनुस्वार, खाली दोन उकार. रोमन कॅपिटल अक्षरं पट्टीची सगळी उंची व्यापतात. तेवढ्याच पट्टीत मराठी नाव बसवलं की मूळ अक्षराला उरलेली जागा मिळते. मोजपट्टी समान म्हणते, डोळ्याला मराठी बारीकच दिसतं.

मुलुंडचे अक्षररचनाकार कमल शेडगे (१९३५–२०२०) प्रत्येक नाटकाच्या शीर्षकासाठी नवं वळण घडवत. तिथे त्या एका नावापुरता तोल साधला की झालं. फॉण्टला सगळी जोडाक्षरं सांभाळावी लागतात. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉण्ट संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी होता, फलकासाठी नव्हे.

जाडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने अंगावर घेतला तो ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाच्या ‘मोदक’ फॉण्टने. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षरं एकमेकांत मिसळू दिली आणि वाचनाचा सगळा भार केसाएवढ्या पांढऱ्या रेघांवर टाकला. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. मात्र आकार लहान केला की त्या रेघा मिटतात, आणि ‘मोदक’चा स्वभावही गोंडस आहे. मेट्रोच्या किंवा विज्ञानप्रदर्शनाच्या फलकाला तो शोभणार नाही. त्याच गटाच्या २०२२च्या ‘अनेक’मध्ये जाडी आणि रुंदी दोन्ही सरकवता येतात, त्यामुळे पाटीवाल्याला अक्षर ताणावं लागत नाही. फलकांसाठी आज मी तोच सुचवेन.

पुढचं पाऊल चौकोनी, करकरीत देवनागरीचं. त्यासाठी उकार, वेलांट्या मागाहून चिकटवण्याची रीत सोडावी लागेल. ‘मु’, ‘लु’ या सुरुवातीपासून सलग आकृती म्हणून आखाव्या लागतील, उकार अक्षराच्या अंगालगत आणावा लागेल आणि शिरोरेषा उभ्या दांड्यांहून बरीच पातळ करावी लागेल.