मानी योद्धा आणि वीरत्व : अकिलीस, कर्ण व थर्सायटीस

इस्लापूर येथील आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण शिक्षकाने विचारले की, होमरच्या 'इलियड'मधील अकिलीस अपमान सहन न होऊन रणांगण सोडतो, त्याला वीर म्हणावे की अहंकारी? उत्तर देण्यापूर्वीच वर्गात कर्णाचे नाव निघाले. ते साहजिक होते. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्णाचे दुःख मराठी घराघरांत पोहोचविले. त्याच वर्षी आलेल्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी कर्णाकडे इतक्या ममतेने पाहिले नाही, पण वाचकांच्या मनात ठसला तो सावंतांचा कर्ण. जन्मावरून हिणविलेला पराक्रमी पुरुष आपल्या समाजाला जवळचा वाटावा, यात नवल ते काय?

तरीही आम्हांस वाटते की, या प्रश्नाचा निर्णय अकिलीस वा कर्ण यांच्यापासून नव्हे, तर 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातील एका उपेक्षित पात्रापासून सुरू करावा. त्याचे नाव थर्सायटीस. पहिल्या सर्गात सेनाधिपती ॲगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रायसीस ही बंदिनी हिरावून घेतो. (तिला काय वाटले, याची विचारपूस दोघांपैकी कोणीच करीत नाही.) अकिलीस भर सभेत त्याला लोभी म्हणतो, हातातील राजदंड जमिनीवर फेकतो आणि निघून जातो. त्याच्या अंगाला कोणी हात लावीत नाही. दुसऱ्या सर्गात थर्सायटीस जवळजवळ तोच आरोप करतो : युद्ध आम्ही लढावे आणि लूट राजाने न्यावी, हे कसे? या वेळी ओडिसियस राजदंड उचलतो आणि त्याच्या पाठीवर हाणतो. पाठीवर वळ उठतो, तो रडू लागतो आणि सारे सैन्य हसते. होमर या माणसाला लंगडा, कुबडा व विरळ केसांचा रंगवतो, त्याच्या पित्याचे नावही देत नाही. बोलणे एकच, परंतु कुलीनाच्या मुखी ते तेज ठरले आणि अनामिकाच्या मुखी उद्धटपणा. अशा काव्यात मानी योद्ध्याला वीर म्हणणे म्हणजे त्याच्या दर्जाला वीरत्व म्हणणे नव्हे काय?

अकिलीसच्या रुसव्याची किंमतही त्याने स्वतः मोजलेली नाही. आपल्याच पक्षाचा पराभव व्हावा, अशी याचना तो मातेकरवी झ्यूसकडे करतो. नवव्या सर्गात ॲगामेम्नॉन भरघोस नजराणे देऊ करतो, जिवलग सोबती विनवितात, तरी तो हटत नाही. सोबती मरत राहतात, अखेर पॅट्रोक्लसही मरतो. त्यानंतरचा त्याचा पराक्रम तर सूडाचाच आहे : हेक्टरच्या शवाची विटंबना आणि मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांची हत्या.

पाली साहित्यात 'मान' हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो येथे उपयोगी पडतो. 'मी श्रेष्ठ आहे' एवढाच मान नव्हे. 'मी समान आहे' आणि 'मी हीन आहे' हेही मानाचेच प्रकार मानले आहेत. तिन्हींत माणूस दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजत असतो. आपल्या वाचकांना येथे शंका येईल, आणि ती रास्त आहे : मान सोडायचा, तर बाबासाहेबांनी जागविलेला स्वाभिमानही सोडायचा काय? आमच्या मते मुळीच नाही. स्वाभिमान ते मापच नाकारतो. मानी माणूस मात्र त्याच मापात वरची जागा मागतो.

कर्णाची शोकांतिका नेमकी येथेच आहे. रंगभूमीवर त्याचे कुल विचारले जाते, तेव्हा अन्याय उघड आहे. दुर्योधन अंगदेशाचे राज्य देऊन तो प्रश्न मिटवितो, आणि कर्ण ते स्वीकारतो. पुढे द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्द बोलणाऱ्यांत तो पुढे असतो. कुलावरून अपमानित झालेला पुरुष एका स्त्रीचा अपमान करू धजतो, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये. उद्योगपर्वात मात्र एक क्षण असा आहे की, जेथे आम्ही त्यास निःसंकोच वीर म्हणू. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा तो राधा व अधिरथ यांनाच आपले मातापिता मानतो. पण त्याच पर्वात भीष्म त्याला 'अर्धरथ' म्हणतात आणि तो भीष्म असेपर्यंत न लढण्याचे ठरवतो. भीष्मांच्या पतनापर्यंतचे दहा दिवस तो रणाबाहेर राहिला. अकिलीसच्या तंबूहून हे फार दूर नाही.

अकिलीसलाही असा क्षण लाभतो. चोविसाव्या सर्गात वृद्ध प्रायम पुत्राचे शव मागावयास येतो आणि ज्या हातांनी पुत्र मारले, त्यांचेच चुंबन घेतो. अकिलीसला आपला पिता आठवतो. दोघे शत्रू एकत्र रडतात. तो शव देतो, अंत्यविधीसाठी युद्ध थांबविण्याचे वचनही देतो. संपूर्ण काव्यात येथे तो कोणाशीही स्वतःची तुलना करीत नाही.

संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात एक योद्धा तथागतांना विचारतो की, रणात मरणारा स्वर्गास जातो, हे खरे काय? तथागत दोनदा त्याला थांबवितात. तिसऱ्यांदा सांगतात की, 'हे मरोत' असे चिंतीत लढणाऱ्याचे चित्त आधीच हीन झालेले असते, त्याची गती स्वर्ग नव्हे. योद्धा रडतो. पूर्वाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसविले, याचे त्याला दुःख होते. होमरच्या सैन्यात असा प्रश्न कोणी विचारला नाही. निदान विचारणाऱ्याला पुरते बोलू दिले नाही. त्या माराच्या प्रसंगानंतर थर्सायटीस 'इलियड'मध्ये पुन्हा दिसत नाही.