मिटफर्डबाईंचं हसू आणि शरीररचनेचा अभ्यास

जेसिका मिटफर्ड यांचं 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक १९६३ साली आलं आणि खूप गाजलं. अमेरिकेतले अंत्यविधी-व्यावसायिक दुःखात बुडालेल्या घराला महागड्या शवपेट्या आणि नको त्या सेवा कशा विकतात, हे त्यांनी बोचऱ्या विनोदाने मांडलं. आम्हीही ते हसत हसत वाचलं. पण एका जागी आमचं हसू अडलं. आज तेवढ्याच जागेविषयी बोलू.

एम्बामिंग, म्हणजे रसायनं भरून मृतदेह टिकवणं, याचं वर्णन करताना मिटफर्ड एक टोमणा मारतात. या माणसाची हत्यारं आणि पद्धत ही सर्जनची ओबडधोबड नक्कल आहे, आणि ही विद्या तो शाळेनंतरच्या नऊ-बारा महिन्यांच्या कोर्सात शिकतो, असा त्याचा रोख.

आता बघा, ही खरंच नक्कल आहे का? मानेत कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर शेजारी-शेजारी असतात. धमनीतून द्रव आत सोडायचा, शिरेतून रक्त बाहेर काढायचं. रक्ताला वाट मिळाली नाही किंवा द्रव फार जोरात गेला, तर चेहरा सुजतो. गुठळ्यांनी वाट अडली तर मांडीतली किंवा काखेतली धमनी शोधावी लागते. शवविच्छेदन झालेलं असेल तर रक्तवाहिन्यांचं जाळंच तुटलेलं असतं. मग हात, पाय, डोकं यांत द्रव वेगवेगळा सोडावा लागतो. अपघातात चेहरा बिघडला असेल तर ओठांभोवतीचा, डोळ्यांभोवतीचा स्नायू कसा बसतो हे ठाऊक हवं. सर्जनला यातलं बरंचसं करावंच लागत नाही. शरीर तेच, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा.

कोर्स अपुरा असेल तर अभ्यास वाढवा म्हणावं. मिटफर्ड अभ्यासालाच हसतात, तिथे टीका घसरते.

मात्र त्यांचा मुख्य आरोप खरा होता. एम्बामिंग कायद्याने सक्तीचं आहे असं खोटं सांगून ते विकता येणार नाही, हा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८४ साली लागू केला. आमच्या मते शरीररचनेचा खरा उपयोगही इथेच आहे. ज्याला देहात काय घडतं हे कळतं, तोच घरच्यांना सांगू शकतो, "उद्याच दहन आहे ना? मग थंड जागा पुरे, एम्बामिंग नको." अर्धवट शिकलेल्याला विक्रेत्याचं पाठांतर म्हणावं लागतं. मिटफर्डना जो प्रामाणिकपणा हवा होता, त्याची एक वाट त्या अभ्यासातूनच जाते. ती त्यांना दिसली नाही.

आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. आखातात किंवा अमेरिकेत आपलं माणूस गेलं, तर देह विमानाने गावी आणताना सहसा एम्बामिंगचा दाखला मागतात. आपल्याकडे हे काम बहुधा मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात होतं. पेटी उघडल्यावर आई चेहरा बघते. तो चेहरा ओळखू यावा, यासाठी कुणीतरी दूर देशी मानेतली ती धमनी नीट शिकलेला असतो. त्याला हसायचं आम्हाला तरी जमणार नाही.