नसबंदीच्या धड्यातले राहून गेलेले तीन महिने

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पुरुष नसबंदी काही ओळींत उरकली आहे. शुक्रवाहिनीचा लहानसा तुकडा काढतात किंवा ती बांधतात. पद्धत अत्यंत परिणामकारक, पण पूर्ववत करणे फार अवघड. यातले एकही विधान चूक नाही. आमची तक्रार गाळलेल्या गोष्टीबद्दल आहे. ही परिणामकारकता कोणत्या दिवसापासून मोजायची?

श्रीपूरसारख्या सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या गावात हे समजावणे अवघड नाही. फाट्याचे दार बंद केले तरी आधीच चारीत शिरलेले पाणी शेतात पोहोचतेच. तसेच शस्त्रक्रियेच्या वेळी कापलेल्या जागेच्या पुढे शुक्रजंतू साठलेले असतात. ते वीर्याबरोबर हळूहळू निघून जातात. म्हणून तीन महिने निरोध किंवा दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायचे. शुक्रजंतू नाहीत असा अहवाल येईपर्यंत शस्त्रक्रिया पुरी झाली असे समजू नये. पुस्तकात आकृतीखाली एवढी एक ओळ हवी होती.

ती नसल्याची किंमत बाई मोजते. नवऱ्याच्या नसबंदीनंतर दुसऱ्याच महिन्यात तिला दिवस राहिले, तर संशय कोणावर जातो हे सांगायला नको. तपासणी स्वच्छ आल्यावरही क्वचित, सुमारे दोन हजारांत एखाद्याच्या बाबतीत, कापलेली टोके पुन्हा जुळून वाट मोकळी होते. तेव्हा अशा वेळी तिच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याआधी नवऱ्याचे वीर्य तपासावे.

'ताकद जाते' या समजुतीलाही पुस्तकाने हात घातलेला नाही. ऊसतोड, हमाली करणाऱ्यांना हीच भीती मोठी वाटते. वृषणातले टेस्टोस्टेरॉन रक्तातून जाते, शुक्रवाहिनीतून नव्हे; आणि वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथीतून येतो, त्यामुळे तेही फारसे कमी होत नाही. (१९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या काळाची धास्ती वेगळी, तिच्यावर शरीरशास्त्राचा उतारा नाही.)

पुस्तकात स्त्री व पुरुष नसबंदीच्या आकृत्या शेजारी शेजारी आहेत, तुलना मात्र नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया पोट न उघडता, जागा बधिर करून काही मिनिटांत होते. पहिल्या वर्षी हजार जोडप्यांमागे गर्भ राहण्याचे प्रसंग पुरुष नसबंदीत एक-दोन, स्त्री नसबंदीत सुमारे पाच. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. हे आकडे तूर्त शिक्षकांनीच फळ्यावर लिहावेत आणि कारणे वर्गाला विचारावीत.