एमएक्सपीएक्स : ‘ख्रिस्ती पंक’ या संज्ञेचा पुनर्विचार

पंक संगीताची प्रकृती प्रस्थापितविरोधी. धर्मसंस्थाही त्याच्या टीकेतून सुटलेली नाही. त्यामुळे ‘ख्रिस्ती पंक’ ही संज्ञा प्रथमदर्शनी विसंगत भासते. १९९२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन या नौदल-गोदीच्या गावी माईक हेरेरा, युरी रूली व अँडी हस्टेड या शाळकरी मुलांनी ‘मॅग्निफाइड प्लेड’ हा बँड स्थापन केला. भित्तिपत्रकांवर आद्याक्षरांपुढील टिंबांच्या जागी फुल्या आल्या आणि ‘एमएक्सपीएक्स’ हे नाव रूढ झाले. (पंकच्या बेफिकिरीला हे साजेसेच!)

‘पोकिनाचा’ हा पहिला अल्बम १९९४ मध्ये ‘टूथ अँड नेल’ने काढला. ब्रँडन एबल यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे अल्बम ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकले जात. बँडला लाभलेले विशेषण आशयापेक्षा या विक्रीव्यवस्थेचेच अपत्य अधिक होय. सदस्य श्रद्धावान होते, हे खरे. परंतु ‘टीनएज पॉलिटिक्स’ (१९९५) व ‘लाइफ इन जनरल’ (१९९६) यांत धर्मोपदेशापेक्षा मैत्री, प्रेम आणि पौगंडावस्थेतील अस्वस्थता यांचेच प्राबल्य आढळते. १९९८ मध्ये ‘ए अँड एम’ या मोठ्या कंपनीमार्फत पुढचा अल्बम सर्वसाधारण बाजारात आला, तरी ते विशेषण सुटले नाही.