पुनर्संस्कारित ध्वनिमुद्रिका आणि संहितेचा प्रश्न : 'द डोअर्स' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेचे पुनःश्रवण

प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासात 'आवृत्ती' ही संकल्पना पुरेशी रुळलेली आहे. एखाद्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती हाती आली की पहिल्या आवृत्तीशी ती ताडून पाहावी, पाठभेद नोंदवावेत, बदल लेखकाने केला की संपादकाने याचा शोध घ्यावा, ही शिस्त अभ्यासकाच्या अंगवळणी पडलेली असते. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र अशी शिस्त अभावानेच आढळते. जुनी ध्वनिमुद्रिका 'रीमास्टर्ड' असा शिक्का घेऊन नव्याने बाजारात येते आणि श्रोता ती 'तीच, पण अधिक स्वच्छ' असे गृहीत धरून ऐकतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केला आहे. लॉस एंजेलिस येथील 'द डोअर्स' या रॉक गटाची, गटाचेच नाव धारण करणारी पहिली ध्वनिमुद्रिका ४ जानेवारी १९६७ रोजी इलेक्ट्रा या कंपनीने प्रकाशित केली. चार दशकांनंतर, २००६-०७ मध्ये, ती नव्या रूपात श्रोत्यांसमोर आली आणि २०१७ मध्ये सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या निमित्ताने पुन्हा एकदा प्रकाशित झाली. या दोन घटनांच्या मध्ये जो प्रश्न उभा राहतो तो केवळ ध्वनीच्या गुणवत्तेचा नसून संहितेच्या प्रामाण्याचा आहे.

मूळ ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप

जिम मॉरिसन (गायन), रे मॅन्झारेक (ऑर्गन), रॉबी क्रीगर (गिटार) आणि जॉन डेन्समोर (ड्रम) या चौघांनी ऑगस्ट १९६६ मध्ये हॉलिवूडच्या सनसेट साउंड या स्टुडिओत ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. निर्माता पॉल रॉथचाइल्ड आणि ध्वनिमुद्रक ब्रूस बॉटनिक हे होते. गटात स्वतंत्र बास वादक नव्हता. मॅन्झारेक उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने बासचे सूर देणारा लहान कळफलक वाजवीत असे. काही गीतांत लॅरी नेक्टेल या व्यावसायिक वादकाने बास गिटार वाजवून ती बाजू भक्कम केली. मूळ वेष्टनावर मात्र त्याचे नाव नव्हते.

एकूण अकरा गीतांच्या या ध्वनिमुद्रिकेत प्रभावांची सरमिसळ विलक्षण आहे. विल्यम ब्लेकच्या एका वाक्यावरून अल्डस हक्सली यांनी आपल्या १९५४ च्या पुस्तकाला नाव दिले आणि त्या नावावरून गटाने आपले नाव घेतले. 'बॅक डोअर मॅन' हे विली डिक्सनने रचलेले आणि हाउलिन वुल्फने गाजवलेले ब्लूज गीत. 'अलाबामा साँग' हे बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या 'महागोनी' या नाट्यकृतीतील गीत. ब्रेख्त-वाइल या जोडीचे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. त्यांच्याच 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले आणि जब्बार पटेल यांनी ते १९७८ मध्ये रंगमंचावर आणले. तेथे बर्लिनचे उपरोधिक नाट्यसंगीत मराठी रंगभूमीच्या गायनपरंपरेशी जोडले गेले. त्याच्या दशकभर आधी डोअर्सने ते अमेरिकी रॉकच्या चौकटीत बसवले होते. 'ब्रेक ऑन थ्रू'च्या ठेक्यात ब्राझीलच्या बोसा नोव्हाची छाया आहे, तर 'लाइट माय फायर'मधील प्रदीर्घ वादनखंडात जॉन कोल्ट्रेनच्या जॅझचे संस्कार स्पष्ट जाणवतात.

भारतीय संगीताशी असलेले नातेही वरवरचे नाही. मॅन्झारेकची डेन्समोर आणि क्रीगर यांच्याशी ओळख १९६५ मध्ये महर्षी महेश योगी यांच्या ध्यानपद्धतीच्या वर्गात झाली. 'दि एंड' या जवळजवळ बारा मिनिटांच्या गीतात क्रीगरने गिटारच्या तारा वेगळ्या पद्धतीने लावून एका स्थिर आधारस्वराभोवती सुरावट फिरती ठेवली आहे. हा आलापीचा परिणाम योगायोगाचा नव्हे. रविशंकर यांनी १९६२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या किन्नर संगीत विद्यालयाची शाखा १९६७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झाली, तेव्हा क्रीगर आणि डेन्समोर यांनी तेथे धडे घेतले. ध्वनिमुद्रिका मात्र त्याआधीच तयार झालेली होती. म्हणजे ओढ आधीची, शिक्षण नंतरचे.

'रीमास्टरिंग' आणि 'रीमिक्सिंग' : एक आवश्यक भेद

नव्या आवृत्तीचे मूल्यमापन करण्यापूर्वी दोन प्रक्रियांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणात प्रथम अनेक मार्गिकांवर वेगवेगळे ध्वनी टिपले जातात. नंतर त्यांचे परस्परप्रमाण ठरवून ते दोन किंवा एका मार्गिकेवर एकत्र केले जातात. हे मिक्सिंग होय. अशा एकत्रित फितीवर तबकडीसाठी किंवा सीडीसाठी अखेरचे संस्कार करणे म्हणजे मास्टरिंग. रीमास्टरिंगमध्ये ही अखेरची पायरी तेवढी पुन्हा केली जाते. गायक पुढे आणि गिटार मागे हे प्रमाण त्यात बदलत नाही. रीमिक्सिंगमध्ये मात्र अभ्यासक पुन्हा मूळ मार्गिकांपर्यंत जातो आणि सर्व प्रमाणे नव्याने ठरवतो. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर पहिली गोष्ट जुन्याच मजकुराची नवी, सुबक छपाई आहे. दुसरी हस्तलिखिताकडे परत जाऊन केलेले नवे संपादन आहे.

२००६-०७ ची चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती ही या अर्थाने रीमास्टर नसून रीमिक्स आहे. ती मूळ ध्वनिमुद्रक बॉटनिक यांनीच सिद्ध केली. तीन हयात वादक त्या वेळी उपलब्ध होते. परंतु मॉरिसनचे निधन ३ जुलै १९७१ रोजी पॅरिस येथे झाले होते आणि १९६६ मध्ये मिक्सिंगचे निर्णय घेणारा निर्माता रॉथचाइल्ड १९९५ मध्ये कालवश झाला होता. मूळ मुद्रण केवळ चार मार्गिकांवर झाले असल्याने एकाहून अधिक वाद्ये एकाच मार्गिकेवर बंदिस्त होती आणि संपादकाच्या स्वातंत्र्याला तेवढीच मर्यादा होती. तरीही ही आवृत्ती ऐकताना कानास जे जाणवते ते 'स्वच्छते'पुरते राहत नाही. बदल तीन प्रकारचे आहेत आणि त्या तिन्हींना एकाच मापाने मोजता येणार नाही.

पहिला बदल : वगळलेल्या शब्दांची पुनःस्थापना

'ब्रेक ऑन थ्रू'मध्ये नशेचा निर्देश करणारा एक शब्द १९६७ मध्ये कंपनीने कापून टाकला होता. त्यामुळे मूळ तबकडीत मॉरिसनची ओळ अर्ध्यावर तुटते आणि तीच तुटकी ओळ पुनःपुन्हा येते. 'दि एंड'च्या उत्तरार्धातील एक अशिष्ट शब्दही वाद्यांच्या कल्लोळात पुसट ठेवण्यात आला होता. नव्या रूपात हे दोन्ही शब्द ऐकू येतात. कलावंताने गायलेले आणि बाह्य दडपणामुळे वगळलेले परत आणणे, ही पाठाची पुनःस्थापना होय. तिच्या न्याय्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र याचीही एक किंमत आहे. अनेक वर्षे ऐकली गेलेली तुटकी ओळ ही त्या काळच्या नियंत्रणव्यवस्थेचा पुरावा होती. जखम भरून निघाली हे इष्टच. पण वण कोठे होता हे पुढील पिढीस कळणार नसेल, तर इतिहासाचा एक दाखला नाहीसा होतो.

दुसरा बदल : गतीची दुरुस्ती

सर्वांत उद्बोधक प्रकरण 'लाइट माय फायर'चे आहे. मूळ स्टीरिओ ध्वनिमुद्रिकेत हे गीत सुमारे ३.५ टक्के संथ गतीने उतरले होते. ही गोष्ट अमेरिकेतील एका विद्यापीठातील प्राध्यापकाने बॉटनिक यांच्या नजरेस आणून दिली. गटाच्या प्रत्यक्ष मैफलींची मुद्रणे आणि छापील स्वरलिपी यांत हे गीत वरच्या पट्टीत आहे आणि ध्वनिमुद्रिकेत ते खाली आहे, अशी ही साधी, पण चाळीस वर्षे कोणाच्या ध्यानी न आलेली विसंगती होती. १९६७ मध्ये स्वतंत्रपणे निघालेल्या एकगीती तबकडीत मात्र गती योग्य होती.

हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर गटाने गीत पांढरी सहामध्ये वाजवले आणि श्रोत्यांनी ते पांढरी सहा व काळी चार यांच्या मधोमध कोठेतरी ऐकले. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यास पट्टीचा हा फरक गौण वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे षड्ज स्थिर नसतो. गायक आपल्या गळ्याच्या सोयीने तो धरतो आणि पट्टी बदलल्याने राग बदलत नाही. परंतु येथे मुद्दा पट्टीचा नाही. गायकाने स्वेच्छेने खालची पट्टी घेणे आणि यंत्राने त्याचा गायलेला आवाज खाली ओढणे या भिन्न गोष्टी आहेत. फीत संथ झाली की स्वर, लय आणि आवाजाचा पोत असे तिन्ही एकाच वेळी बदलतात. मॉरिसनचा आवाज होता त्याहून जाड आणि वयस्क झाला. ऑर्गनच्या स्वरास जडत्व आले. सात मिनिटांच्या गीतात सुमारे चौदा सेकंदांची भर पडली.

दुरुस्त रूप ऐकले असता गीताचा स्वभावच पालटल्यासारखा वाटतो. ते चपळ, उत्फुल्ल आणि अधिक तरुण होते. मुख्यतः क्रीगरने रचलेल्या या प्रणयगीतास ही चपळाई शोभते. येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उद्भवतो. या ध्वनिमुद्रिकेच्या 'गूढ, काळोख्या, संमोहक' वातावरणाविषयी समीक्षेत जे वारंवार म्हटले गेले, त्यातील काही अंश एका यांत्रिक चुकीची देणगी होता काय? काही अंशी होता, असेच उत्तर द्यावे लागते. मात्र तो अंश मर्यादित आहे. 'दि क्रिस्टल शिप'मधील थबकलेली लय किंवा 'दि एंड'मधील विलंबित उलगडा यांमागे रचनेचा हेतू आहे, फितीचा दोष नाही. वातावरण ध्वनिमुद्रिकेचेच आहे. 'लाइट माय फायर' त्यात आवश्यकतेपेक्षा थोडे अधिक मिसळून गेले, इतकेच म्हणता येईल.

तिसरा बदल : प्रमाणांची नवी मांडणी

वाद्यांचे परस्परप्रमाण नव्याने ठरवणे हा तिसरा बदल. पहिल्या दोन बदलांमागे पुरावा आहे : गायलेला शब्द फितीवर आहे, खरी पट्टी स्वरलिपीत आहे. तिसऱ्या बदलामागे मात्र संपादकाची अभिरुची आहे. गायकाचा आवाज किती पुढे असावा, ऑर्गन आणि गिटार यांना किती अवकाश मिळावा, हे १९६६ मध्ये रॉथचाइल्ड आणि बॉटनिक या दोघांनी मिळून ठरवले होते; चार दशकांनी त्यांपैकी एकट्याने ते पुन्हा ठरवले. बॉटनिक यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण जुन्या निर्णयात सहभागी असणे हा नवा निर्णय मूळचा ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. लेखकाने उतारवयात आपल्या तरुणपणीच्या कादंबरीची भाषा सुधारली, तर सुधारलेली प्रत अधिकृत असेल. पहिली प्रत रद्द होत नाही.

पाठचिकित्सेची दृष्टी

मराठी अभ्यासकाला येथे आपल्याच परंपरेचा आधार घेता येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. पहिल्या उदाहरणात शुद्ध पाठ देण्यावर भर आहे. दुसऱ्यात स्वीकृत पाठाखाली वगळलेले पाठभेदही काटेकोरपणे नोंदलेले आहेत. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकास तळटीपेत पर्याय सापडतो. ध्वनिमुद्रिकांच्या पुनःप्रकाशनात या तळटीपेची उणीव आहे. रीमास्टर आणि रीमिक्स दोन्ही एकाच शीर्षकाखाली विकले जातात आणि नवीन रूप जुन्याची जागा निमूटपणे घेते.

कोणी असा आक्षेप घेईल की मूळ संहिता एकच होती, हेच येथे गृहीत धरलेले आहे. आक्षेप रास्त आहे. १९६७ मध्येच ही ध्वनिमुद्रिका मोनो आणि स्टीरिओ अशा दोन रूपांत निघाली होती. 'लाइट माय फायर'चे एकगीती रूप वादनखंड कापून तीन मिनिटांच्या आत बसवलेले होते आणि तेच जुलै १९६७ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सलग वाटणारा 'दि एंड' दोन वेगवेगळ्या मुद्रणांचे तुकडे जोडून तयार झाला आहे. म्हणजे अनेकपाठत्व आरंभापासूनच आहे. परंतु यावरून कोणताही पाठ चालेल असे सिद्ध होत नाही. उलट प्रत्येक पाठावर त्याचे वर्ष आणि त्याचा कर्ता नोंदवण्याची निकड वाढते.

या दृष्टीने २०१७ ची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती अधिक समाधानकारक आहे. तिच्यात मूळ स्टीरिओ मिश्रण पुनर्संस्कारित स्वरूपात आहे, दुर्मीळ झालेले मोनो मिश्रणही आहे आणि मार्च १९६७ मधील सॅन फ्रान्सिस्को येथील 'मेट्रिक्स' या ठिकाणच्या मैफलीचे मुद्रण सोबत जोडले आहे. श्रोत्याला एकच निकाल न देता साधने पुरवणारी ही आवृत्ती चिकित्सक आवृत्तीच्या आदर्शाजवळ जाते.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की 'रीमास्टर्ड' या एका शब्दाखाली पुनःस्थापना, दोषदुरुस्ती आणि नवसंपादन अशा तीन भिन्न क्रिया दडलेल्या असतात. पहिली स्वागतार्ह आहे, दुसरी पुराव्याच्या बळावर स्वीकारार्ह आहे. तिसरी आस्वाद्य असली तरी मूळ कृतीची जागा घेण्याचा अधिकार तिला नाही. 'लाइट माय फायर'चे दुरुस्त रूप हे गटाने जे वाजवले त्याच्या अधिक जवळ आहे. संथ रूप हे जगाने जे ऐकले त्याचा दस्तऐवज आहे. कलावंताचा इतिहास आणि श्रोत्यांचा इतिहास या दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती अभ्यासकावर नसावी. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून ध्वनिसंग्रह उभे राहत असताना ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीत केवळ शीर्षक आणि कलावंत न देता मिश्रणाचे वर्ष आणि संपादकाचे नावही नोंदवले गेले, तर पुढील अभ्यासकाला आपण नेमके काय ऐकत आहोत हे कळेल. ग्रंथाच्या बाबतीत जी काळजी आपण स्वाभाविक मानतो, ती ध्वनीलाही लागू करण्याची वेळ आलेली आहे.