घरच्या चवीचे वाङ्मय आणि 'अपूर्णब्रह्म' : मराठवाड्याच्या संदर्भात एक विचार

मराठी ललित वाङ्मयात घरच्या जेवणाची आठवण हा लेखकाच्या हमखास जिव्हाळ्याचा विषय आहे. आत्मचरित्र, ललितनिबंध, कथा अशा सर्व प्रकारांत आईच्या किंवा आजीच्या हातच्या एखाद्या पदार्थाचा उल्लेख येतो आणि त्या उल्लेखातून संपूर्ण घर उभे राहते. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक' (१९६८) मधील 'माझे खाद्यजीवन' या लेखाची लोकप्रियता आजही ओसरलेली नाही. मात्र या वाङ्मयाची समीक्षा करताना एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते. घरात धान्य आहे, चूल रोज पेटते आणि जेवणाऱ्याला 'काय आवडते' असे विचारण्याइतकी सवड स्वयंपाक करणारीला आहे, हे ते गृहीत होय. मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या भूमीतून आलेले दलित लेखन वाचले की हे गृहीतक टिकत नाही. प्रस्तुत लेखात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून आलेले लेखक शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या दोन ग्रंथांच्या आधारे घरचे अन्न आणि कुटुंबभावना यांच्या नात्याचा विचार केला आहे.

तुलनेसाठी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'कडे पाहावे लागते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे. भाजीत मीठ घालायचे आई विसरते. वडील एका शब्दाने बोलत नाहीत, मुलेही त्यांच्यामागोमाग निमूटपणे जेवतात आणि सर्वांत शेवटी स्वतः जेवायला बसल्यावर आईला आपली चूक कळते. प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. समीक्षकांनी त्यात वडिलांचा संयम पाहिला, आईची हळहळ पाहिली. आई शेवटी जेवते, ही प्रसंगाच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र स्वाभाविक मानून सोडून दिली गेली. वास्तविक ती शेवटी जेवते म्हणूनच हा प्रसंग घडू शकतो. घरच्या अन्नातील माया वाढण्याच्या क्रमात दडलेली असते आणि तो क्रम कुटुंबातील सत्तेचाही क्रम असतो.

'अक्करमाशी'च्या आरंभीच हा क्रम घराबाहेर, शाळेच्या सहलीत दिसतो. सवर्ण मुलांचे जेवण आटोपल्यावर उरलेसुरले अन्न महारांच्या मुलांच्या वाट्याला येते. मुले ते खातात. येथवरचा प्रसंग अपमानाचा आहे आणि दलित आत्मकथनांच्या वाचकाला तो अपरिचित नाही. लिंबाळे यांचे वेगळेपण पुढच्या क्षणात आहे. मुलगा घरी येऊन सहलीची हकिकत सांगतो तेव्हा आई मसामाय त्याला जवळ घेऊन सांत्वन करीत नाही, की संतापतही नाही. त्यातले थोडे घरी का आणले नाही, असे ती विचारते. ज्या अन्नाची मुलाला लाज वाटते त्याच अन्नाची आईला आस आहे. 'आईच्या हातची चव' ही कल्पना येथे उलटी झाली आहे, कारण मुलाने आईसाठी घास आणावा अशी या घरातील अपेक्षा आहे. पुढे शाळेत सहलीवर निबंध लिहायचा असतो. आईच्या त्या प्रश्नाला निबंधात कोणती जागा मिळणार, हे शाळेच्या भाषेला ठाऊक नसते. मराठीच्या प्राध्यापकांनी या जोडणीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

याहून अधिक बोलका भाग संतामायचा आहे. सुगीत जनावरे धान्य खातात आणि त्यांच्या शेणातून ज्वारीचे न पचलेले दाणे पडतात. आजी ते शेण गोळा करते, धुऊन दाणे वेगळे काढते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते आणि मागून आणलेल्या पिठाची भाकरी नातवाला देते. नातू तिच्या भाकरीचा तुकडा मागून खातो, तेव्हा त्याला शेणाचा वास येतो. घरच्या अन्नातील भावबंध सांगण्यासाठी मराठीत याहून समर्थ प्रसंग शोधावा लागेल. एकाच चुलीवर, एकाच तव्यावर दोन भाकऱ्या भाजल्या जातात. वाईट भाकरी आपल्याकडे ठेवून बरी भाकरी मुलाला देणे हीच या घरातली माया आहे. लिंबाळे या कृतीचा गौरव करीत नाहीत. ते वासाचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. लेखकाचा हा संयम महत्त्वाचा आहे. येथे आजीच्या त्यागावर चार भावपूर्ण वाक्ये आली असती, तर शेणातले दाणे वेचायला लावणारी व्यवस्था त्या भावनेआड सहज लपली असती.

या घराची रचनाही लक्षात घेतली पाहिजे. निवेदकाचा जन्मदाता गावचा पाटील आहे. त्याच्या वाड्यात धान्याची ददात नाही, पण त्या घराशी मुलाचा अन्नाचा संबंध नाही. त्याला सांभाळणारी आजी महार आहे आणि तिच्यासोबत राहणारा, मुलाला आजोबांची माया देणारा दादा मुसलमान आहे. रक्ताने ज्याचे नाव लागायचे तो जेवू घालीत नाही आणि ज्याच्याशी रक्ताचे वा धर्माचे नाते नाही तो घास देतो. 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या येथे अन्नाने ठरते. मराठीतील घरच्या चवीच्या बहुतेक लेखनात ही व्याख्या आधी रक्ताने आणि जातीने ठरलेली असते, अन्न तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब करते.

असे लेखन पाककृतींच्या पुस्तकात का उतरले नाही, हा पुढचा प्रश्न. 'सूपशास्त्र' (१८७५) पासून लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र' (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) पर्यंत मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची एक समृद्ध परंपरा आहे. 'रुचिरा'ने घरगुती वाटी-चमच्याच्या मापांत कृती सांगून स्वयंपाकाला नवख्या असलेल्या हजारो मुलींना आधार दिला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि वाटीने मोजण्यासाठी डब्यात पीठ असावे लागते. अर्जुन अप्पादुराई यांनी भारतातील पाककृतींच्या पुस्तकांवरील १९८८ मधील निबंधात दाखवल्याप्रमाणे 'भारतीय स्वयंपाक' ही कल्पना शहरी मध्यमवर्गाच्या अशा पुस्तकांतून घडत गेली. 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' ही कल्पनाही याच वाटेने आली, असे म्हणण्यास जागा आहे.

या पार्श्वभूमीवर पाटोळे यांच्या ग्रंथाचे शीर्षकच एक युक्तिवाद ठरते. पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील 'पूर्णब्रह्म' या शब्दाला त्यांनी एक अक्षर जोडले आणि पंगतीबाहेर बसवल्या गेलेल्यांचा इतिहास त्यात आणला. मराठवाड्यातील महार आणि मांग या दोन समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद हा ग्रंथाचा विषय. पाककृती, घरातील व गावकीतील आठवणी, धर्मग्रंथांतील आणि संतवाङ्मयातील अन्नविचार असे निरनिराळे धागे त्यात एकत्र आले आहेत. चान्या म्हणजे वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या, वजडी, रक्ती, रस्सा दाट करणारा येसूर असे शब्द मराठी वाचकासमोर पदार्थ म्हणून, कृतीसह मांडले जाणे हीच घटना महत्त्वाची होती. तेल, तूप, दूध या वस्तू ज्या स्वयंपाकात जवळजवळ नाहीतच, त्या स्वयंपाकालाही स्वतःचे तंत्र असते, हे या ग्रंथाने पटवून दिले. मांस टिकवायचे तर वाळवावे लागते, रस्सा अनेकांना पुरवायचा तर भाजलेल्या धान्याच्या पिठाने दाट करावा लागतो. अभावातून जन्मलेले हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या हातांत होते आणि लेखी स्वरूपात कोठेही नव्हते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. हजारो कुटुंबांनी ते स्वाभिमानाने पाळले. जे अन्न टाकणे हाच आत्मसन्मान होता, त्याच अन्नाची चव पुढच्या पिढीने आपुलकीने नोंदवावी काय? या आवाहनाला ही नोंद छेद देते, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु तो टिकणारा नाही. आवाहन गुलामीची खूण म्हणून लादलेले अन्न नाकारण्याचे होते, आजीच्या हाताचे कौशल्य विसरण्याचे नव्हते. गोपाळ गुरू यांनी अन्न आणि सांस्कृतिक उतरंड यांवरील आपल्या २००९ मधील निबंधात अन्नातून होणाऱ्या अवमानाची जी चर्चा केली आहे, तिच्या प्रकाशात पाटोळे यांचा ग्रंथ वाचला तर आठवण आणि अभिमान यांतील हा ताण ग्रंथाची मर्यादा न वाटता त्याचा गाभा वाटतो. योगायोग असा की ज्या २०१५ साली हा ग्रंथ आला, त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी घालणारी कायदादुरुस्ती लागू झाली. ग्रंथातील काही पदार्थ त्यामुळे केवळ आठवणीत उरले.

ग्रंथाच्या मर्यादा दुसरीकडे आहेत. पाककृतीचा साचा स्वीकारला की साहित्य आणि कृती एवढेच पानावर उरते. त्यामागची भूक, वाट पाहणे आणि वाटपाचा क्रम त्या साच्यात मावत नाही. 'अक्करमाशी'तील दोन भाकऱ्यांची पाककृती लिहिली तर ती एकच होईल. भूषण कोरगावकर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला (२०२४) 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' असे नाव मिळाले. ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण मराठी शीर्षकातील उपरोध त्यात राहिला नाही. पंगतीच्या श्लोकाशी चाललेला वाद स्वयंपाकघरांच्या माहितीत रूपांतरित झाला. परभाषेतील वाचकाला या ग्रंथात नव्या चवींचा शोध लागेल, त्यामागचा तंटा कदाचित लागणार नाही.

या चर्चेला ढोकी परिसराचा संदर्भ अनाठायी नाही. ढोकी हे तेरणा सहकारी साखर कारखान्याचे गाव, शेजारी गोरोबाकाकांचे तेर. ऊस आणि सोयाबीन आल्यापासून या पट्ट्यातील ज्वारीचे शिवार आकसले, तरी घरची चव म्हटली की येथील माणूस अजून शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी यांचेच नाव घेतो. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत मार्गशीर्षातील अमावास्येला, म्हणजे वेळअमावस्येला, सारे गाव शेतात जेवायला जाते. हरभरा, तूर, वाटाणा यांचे कोवळे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असा बेत असतो. कडब्याच्या खोपीत पांडव मांडून पूजा होते. पुण्या-मुंबईला गेलेली मुले दिवाळीला आली नाहीत तरी या दिवशी येतात. मातीशी आणि कुटुंबाशी असलेल्या नात्याचा हा सण म्हणून त्याचे वर्णन नेहमी होते आणि ते खरेही आहे. पण शेतात जेवायला शेत लागते. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा असतो. बोलावणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, बोलावणे आल्यावर जाणे आणि आपल्या बांधावर बसणे यांत फरक आहे. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पाहुणेपणच आले त्याची भज्जीची आठवण कशी असेल, हे वेळअमावस्येवरील गौरवपर लेखांत शोधून सापडत नाही.

याच भागातील आणखी दोन अन्नस्मृती वाङ्मयात अजून पुरेशा आलेल्या नाहीत. एक १९७२ च्या दुष्काळाची. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे. सरकारी सुकडी घरच्या अन्नाच्या व्याख्येत बसत नाही, पण ती पदराला बांधून लेकरांसाठी घरी आणली गेली तेव्हा ती घरचीच झाली. मसामायने मुलाकडून ज्याची अपेक्षा केली ते येथे आया करीत होत्या. दुसरी आठवण एस.टी.तून येणाऱ्या डब्याची. लातूर, बार्शी, उस्मानाबाद येथे खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबे पहाटेच्या गाडीने खेड्यांतून येत. फडक्यात बांधलेल्या डब्यावर नाव असे, वाहक तो स्थानकावर उतरवून ठेवी. आईने पहाटे चारला थापलेली भाकरी मुलाच्या हाती पडेपर्यंत गार झालेली असे. मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्था, संस्थापक आणि अनुदाने यांची नोंद होते. या डब्याची होत नाही, आणि तो ज्यांना येत नव्हता त्यांची तर मुळीच होत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मुलांना डबा कोण पाठवणार होते?

पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा ताटातला इतिहास वर्गात आणता येतो हे सिद्ध झाले होते. मराठवाड्यातील महाविद्यालयांत बसलेल्या मुलींच्या आज्या अजून हयात आहेत. येसूर कोणत्या धान्याचा, किती भाजायचा, आणि पीठ कमी असेल त्या दिवशी भाकरी कोणाला आधी द्यायची, हे त्यांना विचारता येते. मराठीच्या प्रकल्पकार्यासाठी विषयांची यादी करताना 'अमुक कादंबरीतील ग्रामीण जीवन' या ठरीव विषयांशेजारी या नोंदींना जागा मिळू शकते. पाटोळे यांनी एका पिढीच्या स्मरणातून जेवढे वाचवले, त्याच्या पलीकडचे बरेचसे अजून लिहिले गेलेले नाही आणि सांगणाऱ्यांची संख्या दरवर्षी घटते आहे.