नाव तेच, नियम वेगळे: सुधारित आवृत्ती कशी वाचायची?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला चार महिन्यांची रीडिंग्ज प्रबंधातून वगळावी लागली. चूक माझीच होती. बायोफिल्म मोजताना आपण प्लेट क्रिस्टल व्हायलेटने रंगवतो आणि जादाचा रंग धुऊन काढतो. धुण्याच्या फेऱ्या मी मध्येच दोनच्या तीन केल्या. सुधारणा चांगली होती, पण प्रोटोकॉलच्या फाइलचं नाव तेच ठेवलं आणि तारीख वहीत लिहिली नाही. नंतर कुठली प्लेट दोन धुण्यांची आणि कुठली तीन, हे माझं मलाच सांगता येईना.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या रविवारच्या खेळात झालेला वाद. आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. एक जण डंजन मास्टर होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे नियम आणि फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेला आणि तेव्हापासून त्याचे नियम सतत बदलत आले आहेत. तर वाद असा: जखमा भरून काढणाऱ्या एका साध्या मंत्राला आठ बाजूंचा फासा एकदा टाकायचा की दोनदा? एकाच्या पुस्तकात एकदा होतं, दुसऱ्याच्या पुस्तकात दोनदा. आणि दोघंही ठामपणे म्हणत होते, “आपण पाचवी आवृत्तीच खेळतोय ना!”

दोघंही बरोबर होते. त्याकडे शेवटी येते. आधी याच खेळातल्या दोन जुन्या सुधारणा बघू, कारण ‘सुधारणा’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात हे त्यातून छान दिसतं.

पहिली सुधारणा २००० सालची, तिसरी आवृत्ती. त्याआधी चिलखताचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, जितका कमी तितका चांगला असे. हल्ला करणाऱ्याकडे ‘थॅको’ नावाचा आकडा असे, म्हणजे शून्य आर्मर क्लासवर वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर किमान किती पडायला हवं तो आकडा. थॅको १८ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ४ असेल, तर १८ वजा ४, म्हणजे १४ किंवा जास्त हवेत. तिसऱ्या आवृत्तीने ही मोजपट्टी उलटी केली. आता चिलखत चांगलं तर आकडा मोठा, आणि फाशावर पडलेल्या आकड्यात हल्ल्याचा बोनस मिळवायचा. वरचंच उदाहरण नव्या भाषेत लिहा: बोनस २, आर्मर क्लास १६. लागतात किती? पुन्हा १४च. वार लागण्याची शक्यता आधीही ३५ टक्के होती, आताही ३५ टक्केच.

म्हणजे गणिताच्या दृष्टीने इथे काहीच बदललेलं नाही. मग ही सुधारणा निरुपयोगी का? अजिबात नाही. मायकेलिस-मेंटेन समीकरण आठवा. लाइनवीव्हर-बर्क म्हणजे त्याचीच उलटी मांडणी. कागदावर दोन्ही एकच, पण प्रत्यक्ष डेटा घातला की उलट्या मांडणीत कमी सांद्रतेच्या बिंदूंमधल्या चुका फुगतात. थॅकोचंही तसंच. आर्मर क्लास उणे झाला की ‘वजा उणे तीन’ करताना रात्री अकरा वाजता माणसं हमखास चुकतात. नव्या मांडणीने शक्यता बदलली नाही, चूक होण्याची जागा बुजवली. माझ्या मते ही उत्तम सुधारणा आहे. फक्त तिच्याबद्दल “खेळ सोपा झाला” असं म्हणू नका, “हिशेब सोपा झाला” असं म्हणा. कारण त्याच पुस्तकात फीट्स आले आणि सगळ्या वर्गांना अनुभवगुणांचा एकच तक्ता आला. ते खरेखुरे बदल होते. दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकले तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट २००८ च्या चौथ्या आवृत्तीची. तिच्यात ‘स्किल चॅलेंज’ नावाचा नियम आला. लढाई नसलेला मोठा प्रसंग, समजा राजाची मनधरणी, कौशल्यांच्या चाचण्यांनी खेळायचा. ठरावीक अपयशं येण्याआधी ठरावीक यशं मिळवायची. गुंतागुंतीच्या पाच पायऱ्या होत्या. पहिलीत दोन अपयशांआधी चार यशं, आणि असं वाढत पाचवीत सहा अपयशांआधी बारा यशं. गुंतागुंत जास्त तर आव्हान अवघड आणि बक्षीसही मोठं, अशी कल्पना.

आता पेन घ्या. प्रत्येक चाचणीत यशाची शक्यता सारखीच आहे आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरा. पहिली पायरी जिंकणं म्हणजे पाच चाचण्यांत किमान चार यशं, पाचवी जिंकणं म्हणजे सतरा चाचण्यांत किमान बारा. बारावीतलं द्विपद वितरण, बस्स. शक्यता ६० टक्के असेल तर पहिली पायरी सुमारे ३४ टक्के वेळा जिंकता येते, पाचवी २६ टक्के. ठीक आहे, अवघड झालं. पण चाचणीतली शक्यता ८० टक्के धरा. पहिली पायरी ७४ टक्के, आणि पाचवी ८९ टक्के! तरबेज गटासाठी ‘सर्वांत गुंतागुंतीचं’ आव्हान सर्वांत सोपं निघालं.

कारण बघा. दोन्ही पायऱ्यांत यश-अपयशाचं प्रमाण दोनास एक ठेवलंय. तुमची शक्यता दोन तृतीयांशाहून बरीच जास्त असेल तर चाचण्या वाढतील तसं नशीब बाजूला पडतं आणि तुमची बाजू पक्की होत जाते. कमी असेल तर हरणं पक्कं होतं. म्हणजे हा नियम अवघडपणा मोजतच नव्हता, नमुन्याचा आकार वाढवत होता. तुमच्या प्रयोगात ‘एन’ वाढवल्यावर होतं तेच.

त्याच वर्षी प्रकाशकाने दुरुस्ती काढली: सगळ्या पायऱ्यांना अपयशं तीनच. पुन्हा ८० टक्के घालून बघा. पहिली पायरी ९० टक्के, पाचवी ४५. दिशा सरळ झाली. इथपर्यंत शंभर गुण. पण त्याच दुरुस्तीत चाचण्यांचे आकडेही खाली आणले गेले, म्हणजे प्रत्येक चाचणीच सोपी झाली. एका वेळी दोन चलं हलवली. वरच्या हिशेबात मी शक्यता मुद्दाम तीच ठेवली, म्हणून अपयशांच्या नियमाचा परिणाम वेगळा दिसला. टेबलावर खेळणाऱ्याला हे दोन परिणाम वेगळे काढणं शक्यच नव्हतं. चाचण्यांचे आकडे २०१० मध्ये पुन्हा बदलावे लागले, याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता आमच्या भांडणाकडे. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. २०२४ मध्ये तिचीच सुधारित पुस्तकं आली, पण त्यांना सहावी म्हटलं नाही. जुन्या साहित्याशी सुसंगत, अशी भूमिका होती. त्यामागचा विचार मला समजतो. दहा वर्षं जमवलेली पुस्तकं एका दिवसात रद्दी झाली असं कोणालाच वाटायला नको. पण आत काय आहे? त्या मंत्राचा फासा एकाचा दोन झाला, म्हणजे फाशांची सरासरी ४.५ वरून ९. थकव्याचा नियम तर मुळातूनच वेगळा आहे. आधी प्रत्येक पातळीला निराळा तोटा होता, आता प्रत्येक पातळीमागे फाशातून २ वजा आणि वेग पाच फुटांनी कमी. बरेच बदल चांगलेच आहेत. थकव्याचा नवा नियम तर तक्ता न उघडता लक्षात राहतो. माझा आक्षेप नावाला आहे. “पाचव्या आवृत्तीप्रमाणे” हे वाक्य आता अपुरं आहे, आणि अपुरं आहे हे ते वाचून कळत नाही. चुकीचं नाव निदान खटकतं. अपुरं नाव खटकतही नाही.

आता “प्रमाणित पद्धतीनुसार मोजमाप केले” हे वाक्य तुम्ही किती पेपरांत वाचलंय ते आठवा. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःही लिहाल. म्हणून संशोधनात उतरण्याआधी एवढी सवय लावून घ्या. कुठलीही ‘सुधारित’ पद्धत समोर आली की आधी बघा, आकडे बदललेत की फक्त लिहिण्याची रीत. आकडे बदलले असतील तर एका वेळी किती गोष्टी हलवल्यात ते मोजा. मग जुन्या पद्धतीचं एक उदाहरण नव्या पद्धतीने स्वतः सोडवा, हाताने. पंधरा मिनिटं लागतात. स्किल चॅलेंजमधली गडबड कुणालाही तेवढ्यात सापडली असती. आणि तुम्ही स्वतः काही सुधारलंत तर नाव बदला, तारीख घाला, काय आणि का बदललं त्याची एक ओळ लिहा. सुधारणा छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. माझी एका धुण्याची होती.

आमच्या टेबलावर शेवटी ठरलं ते असं: प्रत्येकाने आपल्या पात्राच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात १४ किंवा २४ लिहायचं. भांडण मिटलं. त्या चार महिन्यांच्या प्लेट्स मात्र पुन्हा कराव्या लागल्या. तीन धुणी, आवृत्ती दोन, तारखेसकट.